सैल पट्ट्यावर भरलेली गाणी

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. माझ्यात रेडिओही आहे. सहनशक्ती मात्र आता अजिबात उरलेली नाही. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना गहिवरतात, असे तुम्ही वाचले असेल. माझा गहिवर घरच्या माणसांनी केव्हाच संपवला. उरला आहे तो वैताग, आणि तोच सांगायला बसलो आहे.

कारखान्यात एका लांबलचक टेबलावर माझी जुळणी झाली. एका चष्मेवाल्या बाईंनी चिमट्याने माझ्या पोटात, मोटर आणि चाक यांच्यावरून, एक बारीक रबरी पट्टा चढवला. हा पट्टा ताठ असेल तोवर कॅसेट नेमक्या वेगाने फिरते. तो सैल पडला की मी रेंगाळू लागतो. बाईंनी पट्टा बोटाने ओढून पाहिला, मान डोलावली आणि माझे झाकण लावले. त्या पट्ट्याची एवढी विचारपूस पुढे बारा वर्षे कुणी केली नाही.

ज्या घरात मी आलो तिथे आई लोकांचे कपडे शिवायची आणि बाबा एका दवाखान्यात कंपाउंडर होते. दिवसभर कापूस आणि स्पिरिट हाताळणारा हा माणूस, पण त्यातला एक बोळा माझे आतले भाग पुसायला घरी आणावा, हे त्यांना कधी सुचले नाही. आईने मला शिवणयंत्राशेजारी जागा दिली. तिथे गाणी ऐकत तिचे काम चाले. ठीक आहे. पण गरम इस्त्री उभी करून ठेवायला तिला नेमकी माझीच कूस सापडली. रोज ती धग लागून माझा पट्टा हळूहळू सैल झाला.

मग बाजारातून आणलेली कॅसेट माझ्यावर लावली की गाणे संथ आणि आवाज जाड येऊ लागला. दुसऱ्या कुठल्याही घरात मला उचलून दुरुस्तीला नेले असते. आमच्या बाबांनी माझे कौतुक सुरू केले. पाहुणे आले की ते मला थोपटून म्हणायचे, "आवाज बघा, कसा भारदस्त आहे. नव्या मशीनना ही खोली नाही." पाहुणेही माना डोलवत. मला कपाळ नाही, नाहीतर त्यावर हात मारायला मी कुणाचा तरी हात मागून घेतला असता.

या घरात दोन मुली होत्या. थोरली सुरेख गायची. धाकटी नकला करायची. बाबांची, शेजारच्या काकूंची, रेडिओवरच्या निवेदकाची नक्कल ती अशी करायची की आईच्या हातातली सुई थांबायची. थोरलीला कॉलेजातल्या मुलांनी आपल्या बँडमध्ये गायला घेतले होते. एका दुपारी ती सगळी मुले घरी आली असताना धाकटीने थोरलीच्या गाण्याची नक्कल केली. बारीक, चिरका, नाकातून येणारा आवाज. मुले हसून लोळली. थोरली दुसऱ्या दिवशी बँडमधून बाहेर पडली आणि धाकटीशी बोलायची बंद झाली. एका खोलीत राहायच्या दोघी, पण सगळे निरोप आईमार्फत. "आई, तिला सांग, माझा कंगवा जागेवर ठेव." आई शिवणार की टपाल वाटणार?

काही दिवसांनी थोरलीला दूरच्या शहरात एका छापखान्यात मुद्रिते तपासायची नोकरी लागली. जायला दोन महिने होते. तेवढ्यात धाकटीने ठरवले की थोरलीच्या आवडीच्या पॉप आणि रॉक गाण्यांची एक कॅसेट भरायची आणि तिला द्यायची. तोंडाने माफी मागायचा धीर नव्हता.

मित्रांनो, तुम्ही आज बोटाने टिचकी मारता आणि गाण्यांची यादी तयार होते. तेव्हा तसे नव्हते. रविवारी दुपारी रेडिओवर फर्माइशींचा कार्यक्रम लागे. धाकटी माझ्यासमोर मांडी घालून बसायची, दोन बोटे दोन बटणांवर. निवेदकाला स्वतःच्या आवाजाचे फार प्रेम. गायकाने तोंड उघडेपर्यंत तो बोलायचा आणि गाणे संपायच्या आधीच परत हजर व्हायचा. त्याला वगळून गाणे पकडायचे म्हणजे डोळ्यांत तेल घालून बसावे लागे. तिने माझी बटणे इतकी खटाखट दाबली की माझे दात खिळखिळे झाले.

आणि एवढे करून पहिली कॅसेट भरली ती कुणाच्या आवडीची? स्वतःच्या. सगळा ढोलांचा दणदणाट. यादी करणारा प्रत्येकजण हेच करतो. 'तुझ्यासाठी' म्हणतो आणि स्वतःची भूक भागवतो. आईने यादी वाचली आणि विचारले, "ही तुझी आवड झाली. तिची कुठे आहे?"

"पण हीच गाणी चांगली आहेत."

"तिला चांगली नकोत. तिची हवीत."

मग धाकटीने थोरलीची गाणी उतरवलेली वही कपाटातून काढली आणि त्यातली अठरा गाणी निवडली. रेडिओला दर आठवड्याला पोस्टकार्डे पाठवली, मैत्रिणींच्या नावानेही पाठवली. पुसून, पुन्हा भरून, सेकंद मोजून तिने दोन्ही बाजू अशा बसवल्या की एकही गाणे शेवटी तुटले नाही. शेवटी कॅसेटच्या पाठीवरचे दोन छोटे कान मोडले, म्हणजे त्यावर कुणाला चुकूनही दुसरे काही भरता येणार नाही. कॅसेटच्या डबीतल्या कार्डावर लिहिले, 'सगळी तुझ्या आवडीची.' थोरलीने निघताना ती पाहिली आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच धाकटीशी बोलली. "नेते," एवढेच म्हणाली. त्या एका शब्दावर धाकटी तीन दिवस घरभर नाचत होती.

आणि इथेच माझ्या सैल पट्ट्याने दावा साधला. मी रेंगाळत भरलेली गाणी रेंगाळतच वाजवत होतो, त्यामुळे माझ्यावर ती अगदी बरोबर ऐकू येत. पण धडधाकट मशीनवर तीच कॅसेट पळत सुटणार आणि प्रत्येक गायक चिरकणार, हे एकट्या मला ठाऊक होते.

महिन्याभराने थोरलीचे पत्र आले. आईने ते माझ्याशेजारीच मोठ्याने वाचले. "कॅसेट मैत्रिणीच्या नव्या मशीनवर सगळ्यांसमोर लावली. तिने माझी नक्कल केली होती, त्याच आवाजात सगळे गायक चिरकत होते. सगळ्या हसल्या. थट्टा करायला एवढी मेहनत घेतली म्हणजे कमाल आहे. तिला म्हणावं, पोचली."

"मी काहीच केलं नाही," धाकटी म्हणाली.

"आपल्या मशीनवर तर झकास वाजत होती," बाबा म्हणाले. "तूच नंतर कुठलं तरी बटण दाबलं असशील."

ज्याच्या पोटातून हजारो गाणी बाहेर पडली त्याला स्वतःचे एक वाक्य बोलता येऊ नये, यापेक्षा मोठा वैताग कुठला? नकला करणारी म्हणून धाकटीचे नाव आधीच झालेले, त्यामुळे कुणीच तिचे ऐकेना. तिने थोरलीला दोन पत्रे लिहिली. उत्तर आले नाही. सात महिने थोरलीच्या पत्रांत सगळ्यांची चौकशी असायची, शेजारच्या काकूंच्या गुडघ्याचीसुद्धा. धाकटीची नसायची. आणि बाबा पाहुण्यांना माझा भारदस्त आवाज ऐकवतच होते.

सात महिन्यांनी थोरली सुटीवर आली. पिशवीतून कॅसेट काढून तिने ती माझ्यात घातली. "ऐका सगळ्यांनी. मी खोटं बोलत नव्हते."

पहिले गाणे सुरू झाले. गायक आपल्या स्वतःच्या आवाजात शांतपणे गाऊ लागला. दुसरे गाणे लागले, तिसरे लागले. थोरली खुर्चीची पाठ धरून उभी होती. तिने कॅसेट काढली, कार्ड उलटसुलट पाहिले, पुन्हा घातली. धाकटी धावत गेली आणि काकूंचा टेपरेकॉर्डर उचलून घेऊन आली. त्यावर तीच कॅसेट चिरकली.

"काकूंचं मशीन बिघडलंय," बाबांनी निकाल दिला.

"बाबा," थोरली म्हणाली, "सगळ्या जगाची मशीन बिघडली आणि आपलंच तेवढं चांगलं?"

थोरली खाली बसली आणि धाकटीकडे वळली. "ही अठरा गाणी कुठून गोळा केलीस?"

"तुझ्या वहीतून."

"त्या दिवशीची नक्कल मात्र तूच केली होतीस."

"हो. चुकलं माझं."

"माझंही," थोरली म्हणाली. मग दोघी रडल्या. आईने शिवायला आलेल्या एका कोऱ्या कापडाला डोळे पुसले, जे ती एरवी कुणालाच करू देत नसे.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला. त्याने माझे झाकण उघडले आणि पट्टा स्क्रूड्रायव्हरच्या टोकावर उचलून दाखवला. "हा पट्टा आहे की जुन्या चड्डीचं इलॅस्टिक? नवा घालतो. पाच मिनिटांचं काम." मित्रांनो, बारा वर्षे मी याच वाक्याची वाट पाहत होतो.

"पट्टा बदलल्यावर ही कॅसेट यावर कशी वाजेल?" थोरलीने विचारले.

"दुसरीकडे वाजते तशी."

"मग राहू द्या."

आणि त्याने झाकण लावले. डॉक्टर उशाशी येऊन परत गेला. मला कुणी विचारले नाही. विचारले असते तर मीही, अगदी नाइलाजाने, तेच सांगितले असते. जगात ती कॅसेट धड वाजेल असे एकच ठिकाण आहे, आणि ते ठिकाण आजारी राहिले तरच.

आता दोघी मोठ्या झाल्या. फोनवरून एकमेकींना गाण्यांच्या याद्या पाठवतात. पण एकत्र जमल्या की माझ्यावरचे फडके काढतात आणि ती कॅसेट लावतात.

म्हणून सांगतो मित्रांनो, यंत्र कुरकुरले तर त्याचे कौतुक करू नका, झाकण उघडून बघा. आणि कुणी प्रेमाने दिलेले काही तुम्हाला चिरके ऐकू आले, तर रागावण्याआधी ते देणाऱ्याच्या घरी नेऊन एकदा ऐका. माझा पट्टा कधीही बदलता येईल. पण त्या सात महिन्यांत धाकटीने नकला करणे सोडले, ते कायमचे. आता थोरलीच तिला गळ घालते, "एकदा माझा आवाज काढ ना." धाकटी नुसती हसते आणि माझे बटण दाबते.