सैल बटणाची टकटक

मित्रांनो, मी एक जुनी जॉयस्टिक आहे. लाकडी पेटीवर एक दांडा आणि सहा बटणं, एवढाच माझा पसारा. मला थोरलीने बनवलं. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं तिचं छोटं दुकान होतं. धाकट्या बहिणीच्या बोटांचं माप घेऊन तिने माझी बटणं बसवली, तेव्हा मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

दोघी शेजारी बसून पडद्यावरच्या मारामारीचा खेळ खेळत. पडद्याच्या तळाशी प्रत्येकीची ताकद दाखवणारी निळी पट्टी असे. ठोसे देता-घेता ती भरत जाई. पूर्ण भरली की ती सगळी खर्चून एक जबर फटका मारता येई. अर्धी खर्चली तर कोपऱ्यात अडकल्यावर सुटका करून घेता येई.

“पट्टी भरली की हात शिवशिवतात,” थोरली सांगे. “शिवशिवू देत. आधी कोपऱ्यात रेटत ने. समोरचा घाबरून हात उगारेल, तेव्हाच फटका.”

धाकटी शिकली आणि गुरूच्याही पुढे गेली.

पुढे माझ्या फटक्याच्या बटणाची स्प्रिंग सैल झाली. फटक्याआधी धाकटी त्यावर बोट टेकवी आणि मी ‘टक्’ करी. तिच्या कानांवर हेडफोन. तिला ते ऐकू येत नसे.

“ताई, हे बटण ढिलं लागतंय. बघतेस?”

थोरलीने मला दुकानात उघडलं. स्प्रिंग दाबली. टक्. पुन्हा दाबली, थोडी थांबली आणि स्क्रू होते तसे लावून टाकले.

“बघितलं गं. काही झालेलं नाही त्याला.”

मोठ्या स्पर्धेला एकच जण जाणार होता. त्यासाठीच्या निवडीच्या शेवटच्या सामन्यात दोघी बहिणीच समोरासमोर आल्या. धाकटीने थोरलीला कोपऱ्यात दाबून धरलं. पट्टी काठोकाठ भरली. बोट टेकलं, मी ‘टक्’ केलं. थोरलीने हेडफोन सरकवून एक कान उघडा ठेवला होता. तिने हात न उगारता फटका अडवला. धाकटीची पट्टी रिकामी झाली, सुटकेपुरतीही उरली नाही. मग थोरलीने तिलाच कोपऱ्यात नेलं आणि सामना जिंकला.

सामना संपल्यावर हेडफोन काढून धाकटीने सहज बटण दाबलं. टक्. तिने थोरलीकडे पाहिलं.

“तुला हे ऐकू येत होतं?”

“खेळ आहे बाई. कानावर आलं तर काय बोळे घालू?”

“दुरुस्तीला तुझ्याकडे दिलं होतं, ताई.”

त्याच संध्याकाळी थोरलीने स्प्रिंग बदलली. दोन मिनिटांचं काम. तेव्हापासून मी दुकानातल्या फळीवर आहे. धाकटीने मला परत नेलंच नाही.

मित्रांनो, वस्तू झिजते, त्याचं मला वाईट वाटत नाही. पण कुणी विश्वासाने तुमच्या हाती काही दिलं, तर त्यातला दोष त्याला सांगा. स्वतःपाशी ठेवू नका.