चिंधूची वही आणि लाकडी पूल

मी एक जुनी, लाल पुठ्ठ्याची वही आहे, आणि चार वर्षं माझ्या मनात एकच इच्छा होती. योगेंद्रची बस अडकावी. कुठेतरी लांब, परक्या मुलखात, जिथे त्याला कोणी ओळखत नाही तिथे अडकावी. मित्रांनो, वहीच्या मनात असं काही असू नये हे मला कळतं. तरी ते होतं.

वर्ध्याच्या एका कागदाच्या दुकानातून मला चिंधूनं उचललं. चिंधू समुद्रपूरचा. योगेंद्रच्या वडिलांच्या यात्रा कंपनीत तो बस चालवायचा. दरवर्षी बुद्धपौर्णिमेच्या सुमारास जिल्ह्यातले उपासक-उपासिका घेऊन तो बोधगया, सारनाथ, कुशीनगर करत सीमेपलीकडे नेपाळात लुंबिनीला जायचा. पहिल्याच फेरीत तो दोनदा रस्ता चुकला. परत आल्यावर त्यानं मला विकत घेतलं आणि पहिल्या पानावर लिहिलं, "चुकलो ते इथं लिहिणे."

तो पेन्सिलीनं लिहायचा, कारण घामाच्या हातानं शाई पसरते. पाण्याचा हातपंप असेल तिथे गोल. बस नेऊ नये तिथे फुली. रेल्वेच्या बुटक्या पुलाखाली बसचा टप घासतो, तिथे दोन फुल्या. सीमेच्या पानावर त्यानं लिहिलं होतं, "गाडीचे कागद याच नाक्यावर होतात, जवळच्या छोट्या नाक्यावर नाही. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करणे." बावीस वर्षांत माझी जवळजवळ सगळी पानं भरली. बसमधल्या बाया म्हणायच्या, "चिंधूभाऊची वही सोबत आहे ना? मंग चाला." ते ऐकून माझा पुठ्ठा ताठ व्हायचा.

मग योगेंद्रचे वडील वारले आणि कंपनी योगेंद्रच्या हाती आली. योगेंद्र वाईट माणूस नव्हता, पण त्याला घाई फार. त्यानं बसच्या काचेजवळ मोबाईल लावला. तो मोबाईल बाईच्या आवाजात "उजवीकडे वळा" म्हणायचा आणि चिंधू कधी वळायचा, कधी वळायचा नाही. एकदा तो नाही वळला म्हणून योगेंद्र सगळ्या प्रवाशांसमोर ओरडला.

"चिंधूभाऊ, मोबाईल सांगून राह्यला तिकडं न्या ना गाडी! तुमच्या त्या वहीचा जमाना गेला."

"त्या रस्त्यानं मोठी गाडी नाई जात," चिंधू म्हणाला.

"तुम्हाले जास्त समजते का त्याच्यापेक्षा?"

वर्ध्याला परत आल्यावर योगेंद्रनं त्याला कामावरून काढलं. मी तेव्हा ऑफिसच्या टेबलावर होते. योगेंद्रनं मला उचललं, इकडेतिकडे पाहिलं आणि पाण्याच्या जारच्या डुगडुगणाऱ्या स्टँडच्या एका पायाखाली घातलं.

मित्रांनो, बावीस वर्षांचा रस्ता पोटात घेऊन मी एका लाकडी पायाखाली पडून होते. वरून जारचं पाणी ठिबकत होतं. दुसऱ्या दिवशी चिंधू आपले कागद न्यायला आला, तेव्हा त्यानं मला पाहिलं. तो खाली वाकला आणि मला ओढून काढलं. स्टँड कलंडला, जार गडगडत दारापर्यंत गेला आणि चिंधू त्या पाण्यातून चपला वाजवत बाहेर पडला.

समुद्रपूरला त्याच्या बायकोनं, पंचफुलानं, मला बाजेवर उन्हात वाळवलं. एकेक पान सुटं करताना ती म्हणाली, "ठेवून द्या. तो येईन एक दिवस, याच वहीसाठी."

तिनं ते धीर द्यायला म्हटलं असेल. मी मात्र ते धरून बसले.

पुढची चार वर्षं चिंधू हिंगणघाटच्या बाजारात कापसाच्या गाड्या नेत होता. संध्याकाळी जेवण झालं की तो मला फळीवरून काढायचा, चष्मा लावायचा आणि एखाद्या फुलीवर बोट ठेवायचा. "इथं फसंल तो," म्हणायचा. दोन फुल्यांच्या पानावर तो हसायचासुद्धा. अशा रीतीनं आम्ही दोघांनी मिळून योगेंद्रची बस शेकडो वेळा अडकवली. कधी टप सोलून काढला, कधी चिखलात रुतवली, कधी चुकीच्या नाक्यावर दिवसभर उभी केली. आमच्या त्या बसमध्ये योगेंद्र एकटाच बसलेला असायचा. इतर कोणी असेल हे आमच्या ध्यानात कधी आलं नाही.

या वर्षी बुद्धपौर्णिमेनंतरच्या दिवशी, भर दुपारी, चिंधूचा फोन वाजला. नंबर नऊशे सत्त्याहत्तरपासून सुरू होणारा, अनोळखी. चिंधूनं कापला. पुन्हा वाजला, पुन्हा कापला. "फसवणारे असतीन," तो म्हणाला. तिसऱ्यांदा त्याच्या मुलीनं, जागृतीनं, उचलला. जागृती सावंगीच्या दवाखान्यात नर्स आहे आणि त्या दिवशी सुट्टीवर घरी आली होती.

"बाबा, रत्नदीप आहे. नेपाळातून."

रत्नदीप म्हणजे चिंधूच्या जागी ठेवलेला ड्रायव्हर. त्याचा स्वतःचा फोन तिकडे लागत नव्हता, म्हणून तो एका गाववाल्याच्या फोनवरून बोलत होता. जागृतीनं स्पीकर लावला.

"काका, लुंबिनीहून तिलौराकोटले, जुनं कपिलवस्तू पाहाले, चाललो होतो. मोबाईलनं जवळचा रस्ता दाखवला, कालव्याच्या कडेकडेनं. समोर पूल आला तर तो लाकडाचा! पुढचं चाक ठेवलं आन् फळी मोडली. कसाबसा मागं आलो. आता वळवाले जागा नाई. एका बाजूनं कालवा, दुसऱ्या बाजूनं खोल वावर. मागचं चाक काठावर आहे. पाणी संपलं. हा मोबाईल अजून सरळ जा म्हनून राह्यला!"

फोनच्या नकाशात पूल होता आणि जागेवरही पूल होता. फक्त तो बैलगाडीपुरता होता, एवढंच त्या नकाशाला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. माझ्या एकशे बाराव्या पानावर त्याच पुलाची फुली आहे.

फळीवर पडल्या पडल्या मला जो आनंद झाला, तो मी लपवणार नाही. सांगू नको, चिंधू. बसू दे त्याला उन्हात. त्याच्या त्या मोबाईलला विचारू दे.

चिंधू उठला. त्यानं मला खाली काढलं, पण उघडलं नाही.

"योगेंद्र आहे का सोबत?" त्यानं विचारलं.

"आहे काका."

"त्याले दे. आन् आवाज मोठा कर. सगळ्याईले ऐकू गेला पाह्यजे."

थोड्या वेळानं योगेंद्रचा आवाज आला. घसा कोरडा झाला होता. "चिंधूभाऊ, नमस्कार. वही आहे ना तुमच्याजवळ?"

"आहे. पहिले हे सांग, तू माझी वही कुठं ठेवली होती?"

"चिंधूभाऊ, हे आत्ता काऊन..."

"सांग."

"ऑफिसात... स्टँडखाली ठेवलती."

"कशाच्या?"

"पाण्याच्या जारच्या."

"मोठ्यानं बोल. बाया ऐकून राह्यल्या ना?"

मी सुखानं फुलले होते. चिंधूचा चेहरा लाल झाला होता आणि त्याला अजून हवं होतं. "आन् मले सगळ्याईसमोर काय म्हनलं होतं तू? तेही सांग."

योगेंद्र बोलायच्या आधी तिकडे आरडाओरडा झाला. काहीतरी धप्पकन पडल्याचा आवाज आला. एक बाई ओरडली, "अवो, यशोदाबाई पडल्या! यशोदाबाई!"

यशोदाबाई आंजी गावच्या. चिंधूच्या बसनं त्या तीन वेळा लुंबिनीला गेल्या होत्या. माझ्या एका पानावर त्यांच्या हाताच्या हळदीचा डाग आहे. एकदा त्यांनी चिंधूला पोळी-भाजी दिली, तेव्हा तो डाग पडला.

"बाबा, बास!" जागृती ओरडली. मग फोनजवळ जाऊन भराभर बोलू लागली. "त्याईले सावलीत घ्या. पाय वर करा. मान न् काखा ओल्या फडक्यानं पुसा. गाववाल्याले पाणी मागा, कालव्याचं पाजू नका. शुद्धीवर आल्या की मीठ-साखरेचं पाणी, घोट घोट."

चिंधूनं घाईनं चष्मा चढवला. पुठ्ठा त्याच्या घामानं ओला झाला. त्यानं एकशे बारावं पान उघडलं, तेव्हा त्याच्या आवाजातला राग पार गेला होता.

"रत्नदीप, आयक. समोर जाऊ नको. पूर्ण मागंही जाऊ नको, कालवा वळते तिथं पडशीन. दोनशे पावलं मागं, डाव्या हाताले वीटभट्टी आहे. धुरांडं दिसते का?"

"दिसते काका. धूर नाई पन."

"तिच्या अंगनात बस वळते. मी दोन हजार नऊमदी वळवली होती. भट्टीवाल्याजवळ हातपंप आहे. पन पहिले पायी जाऊन पाह्यजो. माहा कागद जुना आहे."

रत्नदीप गेला आणि धापा टाकत परत आला. भट्टी केव्हाच बंद पडली होती. हातपंप नुसता सांगाडा होता. अंगणाला बांबूचं कुंपण होतं. म्हणजे मित्रांनो, माझंही चुकलं होतं. ज्या मोबाईलवर मी दात खात होते, त्याच्यासारखीच मीही जुनं जग खरं म्हणून सांगत होते.

पण जमीन घट्ट होती. ज्याच्या फोनवरून बोलणं चाललं होतं, त्या गाववाल्यानं स्वतः कुंपणाचे चार बांबू उपटले आणि घरून पाण्याच्या घागरी आणवल्या. दोन माणसं मागच्या चाकांजवळून चालत राहिली आणि रत्नदीपनं बोटाबोटानं बस मागे घेतली. अर्ध्या तासानं फोन आला. बस वळली होती. यशोदाबाई उठून बसल्या होत्या आणि चिंधूभाऊचा आवाज ऐकायचा म्हणत होत्या.

"चिंधू, बापा, बरा आहे ना तू?" त्या म्हणाल्या.

चिंधूनं फोन जागृतीच्या हातात दिला. फोन ठेवल्यावर तो पंचफुलाला म्हणाला, "मी उगाच वेळ लावला." त्या दिवशी तिनं त्याला जेवायला वाढलं, पण समोर बसली नाही.

आठवड्यानं योगेंद्र समुद्रपूरला आला. ओसरीवर चपला काढून खाली बसला.

"चिंधूभाऊ, चुकलं माहं. परत गाडीवर या."

"गाडीवर नाई येत. रात्रीचं दिसत नाई आता मले," चिंधू म्हणाला. "वही पाह्यजे का?"

"देता का? फोटो काढून घेतो लगेच."

"फोटो नाई. हातानं लिहाचं. इथं बसून. सगळी पानं."

मित्रांनो, माझा सूड तो हा. तीन रविवार योगेंद्र आमच्या ओसरीवर मांडी घालून माझी नक्कल करत बसला. बोटाला घट्टा पडला, पाठ धरली. मी मुद्दाम माझी पाण्यानं भिजलेली, पुसट पानं त्याच्यापुढे धरायची. प्रत्येक पुसट ओळीला त्याला विचारावं लागे, "चिंधूभाऊ, हे काय लिहिलं?" आणि चिंधू सांगे. पहिल्या रविवारी रागानं सांगे. तिसऱ्या रविवारी तो त्या त्या रस्त्याच्या गोष्टीच सांगू लागला आणि योगेंद्र पेन खाली ठेवून ऐकू लागला. ते मला मुळीच आवडलं नाही.

त्याहून न आवडणारं जागृतीनं केलं. माझ्यातली ती फुली पाहून तिनं त्याच मोबाईलच्या नकाशाला चूक कळवली, की हा पूल मोठ्या गाडीचा नाही. माझं एकुलतं एक शस्त्र तिनं शत्रूच्या हाती दिलं! मी चडफडले. पण चिंधू म्हणाला, "पाठव. दुसऱ्या कोनाची बस जाईन ना तिथं." आणि त्यानं खोडरबरानं हातपंपाचा गोल पुसून तिथे "बंद" लिहिलं.

शेवटच्या रविवारी त्यानं एकशे बारावं पान उघडून पेन्सिल योगेंद्रला दिली. योगेंद्रनं लिहिलं, "लाकडी पूल. मोबाईलवर साधा रस्ता दिसतो. बस नेऊ नये. मी नेली होती. योगेंद्र."

मित्रांनो, परक्या मुलखात गेलात तर नकाशा जरूर पाहा, पण काच खाली करून तिथल्या माणसाला विचारायला लाजू नका. आणि जिथे चुकलात ते आपल्या नावानिशी लिहून ठेवा, कळवा, जुनं झालं की पुसा. मागून येणारी बस कदाचित तुमच्या वैऱ्याची असेल. तरी तिच्यात यशोदाबाई बसलेल्या असतात.