पाचव्या खांबाचं पान

शिडीच्या वरच्या पायरीवर उभं राहून तिनं तड्यात पट्टी सरकवली. दोन मिलिमीटर. तड्यात शेवाळं धरलं होतं आणि कडा काळ्या पडल्या होत्या. हा काही काल-परवाचा तडा नव्हता.

जिल्हा बांधकाम खात्यात लागल्यापासून पुलाची ही तिची पहिलीच तपासणी. खांबावर पिवळ्या रंगात भला मोठा पाचाचा आकडा होता. तिनं नोंदवहीतलं पाचव्या खांबाचं पान काढलं. अकरा वर्षांच्या अकरा ओळी, ओळखीच्या टपोऱ्या अक्षरात. तडा नाही. तडा नाही. तडा नाही. गेल्या वर्षी निवृत्त होईपर्यंत हे काम तिचे वडील करत होते.

बाबा घरी बसून ओळी भरत होते की काय? पुढचं पान उलटायचा तिला धीर झाला नाही.

"मॅडम, चेहरा का उतरला?" खाली शिडी धरून उभ्या असलेल्या ड्रायव्हरनं विचारलं. "पूल पडतोय की काय?"

"नाही काका. जरा घरी चला."

"आत्ताशी एकच खांब झालाय की!"

"चला म्हटलं ना."

नोंद नसलेला तडा सापडला, तर त्याच दिवशी पूल बंद करायचा असा नियम. शाळेच्या बसला, अँब्युलन्सला तासाभराचा वळसा. ते लोकांनी शिव्या घालत का होईना, निभावून नेलं असतं. पण मागोमाग चौकशी आली असती. आणि ज्या माणसानं, तिनं लहानपणी गृहपाठाच्या वहीत त्यांची एक खोटी सही केली म्हणून, तिच्याशी दोन दिवस अबोला धरला होता, त्याला साहेबापुढे उभं राहावं लागलं असतं. नुसत्या विचारानं तिला रडू येत होतं.

बाबा मागच्या दारी डुगडुगणाऱ्या स्टुलाला खिळा ठोकत होते.

"काय गं, या वेळेला?"

"बाबा, पुलाचा पाचवा खांब... त्याला तडा आहे. जुना."

"पाचवा?" त्यांनी हातोडी खाली ठेवली. "कुठून पाचवा?"

"ऑफिसच्या बाजूनं. आता आकडे रंगवलेत ना खांबांवर."

"हात् तिच्या! मी आपल्या घराकडून मोजायचो. सायकलवरून जाताना पहिला भेटेल तो एक नंबर. सहा खांब, म्हणजे तुझा पाचवा तो माझा दुसरा. बघ, दुसऱ्याचं पान बघ."

तिनं घाईघाईनं पान काढलं. तडा, दोन मिलिमीटर. वाढ नाही. तडा, दोन मिलिमीटर. शेवाळं धरलंय, वाढ नाही. अकराच्या अकरा ओळी तशाच. छातीवरचा धोंडा उतरला, आणि लाजेनं कान तापले.

"बाबा, मला वाटलं..."

"वाटू दे गं. तड्यासाठी घरापर्यंत धावत आलीस ना?" ते गालातल्या गालात हसत होते. मग घराकडे तोंड करून ओरडले, "अगं, ऐकलंस का? हिनं माझी वही वाचली!"

"मग?" आतून आईचा आवाज आला. "पगार कशाचा घेते ती?"

"तुला नाही कळायचं." ते लेकीकडे वळले. "अकरा वर्षं लिहिली. साहेब आले, साहेब गेले, शेवटच्या पानावर सह्या झाल्या. वाचली कुणीच नव्हती."

आपण एकच पान वाचलं होतं, हे तिच्या ओठांवर आलं होतं. ते तिनं गिळलं. बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.

"आले काका, पाचच मिनिटं," ती म्हणाली, आणि वही पहिल्या पानापासून वाचायला घेतली.