नत्थूजींचा पाइप

पाच वाजून अकरा मिनिटांनी चित्र आलं. बोलणाऱ्या माणसाच्या शर्टाच्या गुंड्या मोजता येतील इतकं साफ. पण नागपुरात हुडकेश्वरच्या गोपिका अपार्टमेंटच्या सभेच्या वहीत असं काही घडल्याची नोंद नाही, आणि वहीवर सचिवांची सही आहे. सहीपुढे आपण कोण? तेव्हा चित्र आलंच नाही असं धरू आणि पाच वाजता परत जाऊ.

पाच वाजता नत्थूजी गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर उभे होते. वय एकाहत्तर, डोक्याला ओला दुपट्टा, दोन्ही हातांत टाकीलगतच्या खोबणीत उभा केलेला तीस फुटी लोखंडी पाइप, पाइपाच्या टोकाला अँटेना. महिना मे. पाइप इतका तापलेला की त्यांनी हातात पायमोजे घातले होते. टाकीला कठडा नव्हता. खाली टाकीच्या सावलीत भैय्याजी नावाचा माणूस तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसला होता आणि त्याच्या मांडीजवळ लोखंड कापायचा कटर होता. पाच दहा झाले की पाइप कापायचा, एवढंच त्याला सांगितलेलं होतं. माणूस मात्र फार नम्र. मध्येच वर बघून म्हणाला, "काकाजी, पाय पाहून ठेवजा."

भांडण सावलीचं होतं. गच्चीवर सोलर पॅनेल बसणार होते आणि नत्थूजींच्या पाइपाची सावली सकाळी साडेनऊ ते दहा या वेळेत चौथ्या पॅनेलवर पडणार होती. सावलीची रुंदी दीड इंच. सोसायटीचे सचिव धर्मेंद्र यांनी त्या दीड इंचाचा नकाशा काढून आणला होता, रंगीत. शिवाय, त्यांनी सभेत विचारलं होतं, गेल्या किती वर्षांत या पाइपातून काय आलं?

प्रश्न रास्त होता. काहीच आलं नव्हतं. जुनं प्रक्षेपण बंद होणार, अशी पट्टी टीव्हीवर महिनाभर खाली फिरत होती म्हणे. पण नत्थूजींच्या चित्रात मुंग्याच इतक्या होत्या की पट्टी कधी वाचता आली नाही. एक दिवस फक्त मुंग्या उरल्या. त्यांनी आणि शोभाताईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, चार दिवस मुंग्या बघितल्या. आधीही फार वेगळं नव्हतं, असं शोभाताईंचं मत.

नत्थूजींनी आयुष्यभर अँटेना बसवल्या. किती बसवल्या ते कधी मोजलं नाही, पण कोणाच्या लग्नाला गेले तरी मांडवाआधी छपरांकडे बघायचे. मग डिश आल्या, आणि छपरांवरच्या त्यांच्या अँटेना एकेक करून भंगारात गेल्या. मनीषनगरात एक उरली होती, तिच्यावर आता कोणाच्या तरी चादरी वाळायच्या. चालू करता येईल अशी ही एकच. जावयानं डिश बसवून देतो म्हटलं, तर नत्थूजी तीन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी कारण सांगितलं. "डिशवाला मोबाइलमंदी पाहून फिरवते. घरातल्या बाईले इचारत बी नाही."

हे त्यांच्या धंद्याचं मर्म होतं. मिस्त्री वर, टीव्ही खाली, आणि मध्ये घरातल्या बाईचा आवाज. वरून मनगट फिरायचं, खालून शब्द यायचा. आला. गेला. या दोन शब्दांवर अख्ख्या शहरानं टीव्ही बघितला. शोभाताई त्यांना मौद्याला भेटल्या त्याही अशाच. म्हणजे दिसल्या नाहीत, ऐकू आल्या. वडिलांच्या घरात टीव्हीसमोर बसून त्या "आला" म्हणायच्या तो शब्द कौलांतून थेट मनगटात यायचा. अर्ध्या तासाचं काम नत्थूजींनी तीन तास पुरवलं आणि पुढच्या महिन्यात मागणी घातली.

तर आता शहरातल्या टेकडीवरच्या टीव्ही टॉवरवरून नवीन, डिजिटल प्रक्षेपण सुरू झालं होतं. त्यासाठी टीव्हीला जोडावा लागणारा डबा आयुषनं, म्हणजे नातवानं, पुण्याहून पाठवला. नत्थूजी सभेत उभे राहून म्हणाले की त्यांचा पाइप अजून चित्र धरू शकतो. ठराव झाला. रविवारी पाच ते पाच दहा या वेळात चित्र येऊन सलग एक मिनिट टिकलं तर पाइप राहील, नाहीतर कापला जाईल. अध्यक्ष मनोहरराव यांनी अनुमोदन दिलं. ते झोपलेले होते, पण त्यांचा हात वर होता.

आणि आता सचिव आणि अध्यक्ष दोघे तिसऱ्या मजल्यावर शोभाताईंच्या हॉलमध्ये बसले होते. धर्मेंद्र यांच्या एका हातात वही, दुसऱ्या हातात मोबाइलचं स्टॉपवॉच. शोभाताई टीव्ही आणि खिडकी यांच्या मध्ये. टीव्ही काळा. त्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं : सिग्नल नाही.

टेकडी आणि हुडकेश्वर यांच्यामध्ये एवढ्या वर्षांत इमारतींची रांग उठली होती. दोन इमारतींच्या मध्ये जेवढी फट, तेवढाच रस्ता. नत्थूजींनी डोळे बारीक केले आणि पाइप त्या फटीकडे वळवायला घेतला. हळूहळू, सवयीच्या चालीनं.

पाच दोनला खालून आवाज आला. "आला."

नत्थूजींचं मनगट जागेवर थांबलं.

"गेला," आवाज म्हणाला.

त्यांनी थोडं मागे घेतलं. काही नाही. आणखी मागे. काही नाही. मग पुढे. पुढे जाऊन पुन्हा मागे येत असताना, "आला," आणि ते थांबेपर्यंत, "गेला."

असं त्यांच्या आयुष्यात झालं नव्हतं. शोभाताईंचा शब्द कधी चुकला नव्हता. पाच चारला त्यांच्या मनात पहिल्यांदा आलं की बायको म्हातारी झाली. खाली नेमक्या त्याच वेळी शोभाताईंच्या मनात आलं की नवऱ्याचा हात गेला.

पण शोभाताई टीव्हीकडे बघत होत्या आणि नत्थूजी बघत नव्हते, एवढा फरक होता. पाच पाचला त्यांच्या लक्षात आलं की हा डबा लगेच दाखवत नाही. सिग्नल मिळाला की आधी थोडा वेळ गप्प बसतो, मग चित्र सोडतो. त्यांनी मनात आकडे मोजले. पाच. म्हणजे त्या "आला" म्हणत होत्या ते पाच सेकंदांपूर्वीच्या जागेबद्दल, आणि नत्थूजी तिथून केव्हाच पुढे निघून गेलेले असायचे.

हे वर कसं सांगायचं? खिडकीतून एवढं मोठं वाक्य टाकीपर्यंत जात नव्हतं. त्यांनी ओरडून पाहिलं, तर वरून "काय?" आलं आणि त्यात वीस सेकंद गेले. नत्थूजींचा मोबाइल टीव्हीवरच ठेवलेला, वरून पडू नये म्हणून. स्वतः वर जावं तर गुडघे, आणि टीव्हीसमोर कोण बसणार?

त्या धर्मेंद्रना म्हणाल्या की वर जाऊन एवढा निरोप द्या, फिरवून पाच आकडे थांबा म्हणावं.

धर्मेंद्रनी विचार केला. मनापासून केला, कारण माणूस वाईट नव्हता. "काकू, मी गेलो असतो. पण सोसायटीनंच मदत केली तर निकाल निष्पक्ष नाही राहत ना."

"मंग मनोहररावले पाठवा."

मनोहरराव झोपले होते. या वेळी हात खाली होता.

पाच सात. टाकीवर नत्थूजींचा पाय एकदा सरकला. पायाखालची शेवाळाची खपली सुटून खाली भैय्याजींच्या पुढ्यात पडली. भैय्याजी उठून उभे राहिले. कटर बाजूला ठेवला आणि शिडी दोन्ही हातांनी धरली. नत्थूजींनी पाइप सोडला नाही, कारण सोडला तर धरायला दुसरं काही नव्हतं.

पाच आठला शोभाताई खिडकीशी गेल्या. पडद्यावर काळं होतं. त्यांना वरचा पाइप दिसत नव्हता, फक्त गच्चीचा कठडा आणि वरचं पांढरं आभाळ. पण पाइप खोबणीत घासताना करकर वाजायचा, ती करकर त्या चाळीस वर्षं ऐकत आल्या होत्या. किती करकरीनंतर फट येते याचा त्यांनी कानानंच अंदाज बांधला. आणि चित्र आलेलं नसताना, सबंध संसारात पहिल्यांदाच, त्या खोटं बोलल्या.

"आला."

करकर थांबली.

एक. दोन. धर्मेंद्र म्हणाले, "काकू, कुठं आला?" शोभाताईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. तीन. चार.

चित्र आलं.

एक माणूस संत्र्याच्या झाडाजवळ उभा राहून बोलत होता. धर्मेंद्रनी स्टॉपवॉच चालू केलं आणि, हे त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं, ते खुर्चीच्या कडेवर सरकले. दहा सेकंद. वीस. मनोहरराव जागे झाले आणि विचारू लागले की हे कुठलं चॅनल. तीस. शोभाताईंनी खिडकीचा गज घट्ट धरला होता.

वर नत्थूजी हसत होते. शब्द परत मनगटात आला होता. आणि मग त्यांनी तेच केलं जे प्रत्येक अँटेना मिस्त्री "आला" ऐकल्यावर करत आला. मुंग्या काढायला पाइप केसभर पुढे सरकवला. त्यांच्या धंद्यात "आला" म्हणजे काम संपलं असं नव्हतं. आल्यावर साफ करून देणं, यालाच कारागिरी म्हणायचे.

या नव्या चित्रात काढायला मुंगीच नव्हती.

शोभाताईंनी ती केसभर करकर ऐकली. "नोका," त्या म्हणाल्या, पण स्वतःशीच, कारण ते होऊन गेलं होतं.

एकेचाळीस सेकंदांवर माणूस संत्र्यासकट गेला. सिग्नल नाही.

धर्मेंद्रनी पाच दहापर्यंत वाट पाहिली, पूर्ण पाच दहापर्यंत. मग वहीत लिहिलं, सही केली, शोभाताईंना नमस्कार केला आणि मनोहररावांना धरून जिना उतरले. जाताना खिडकीतून, वेळ संपल्याची खूण म्हणून, वर हात केला.

नत्थूजींनी पाइप सोडला. भैय्याजी म्हणाले, "उतरा काकाजी, हळू. मी हावो." पाइप सुटताच स्वतःच्या वजनानं जरासा मागे आला, केसभर, आणि थांबला.

पाच अकरा झाले होते.

"आला," खालून आवाज आला. "अजी, आला."

नत्थूजी शिडीच्या शेवटच्या पायरीवर होते. त्यांना वाटलं, ती समजूत काढते आहे. ते भैय्याजींना म्हणाले, "तुमी तुमचं काम करा गा." मग पायमोजे काढून खिशात ठेवले आणि खाली गेले.

दार उघडंच होतं. शोभाताई टीव्हीसमोर उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "धर्मेंद्रले हाक मारू का? जिन्यातच असन."

नत्थूजींनी टीव्हीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. गुंड्या, पानं, पानांच्या शिरा.

"राहू दे वं," ते म्हणाले. "त्यायची वेळ झाली. तू बस."

दोघं बसली. संत्र्याच्या झाडाला डिंक का येतो ते माणूस सांगत होता. दोघांकडे संत्र्याचं एकही झाड नव्हतं, तरी नत्थूजींनी मान डोलावली. वर कटर सुरू झाला. माणूस म्हणाला की बुंध्याला चुन्याचा लेप द्यावा, आणि चुन्यात काय किती घालायचं ते सांगणार, एवढ्यात गच्चीवर काहीतरी लांब आणि जड आडवं झालं.

शोभाताईंनी उठून डब्याचं बटण बंद केलं आणि त्याच्यावरून पदर फिरवला.

सोमवारी नत्थूजींनी एक अर्ज लिहिला. अक्षर शोभाताईंचं आहे.

प्रति,
मा. केंद्रप्रमुख,
टॉवर, टेकडी, नागपूर.

विषय : मनोरा फिरवून मिळण्याबाबत.

महोदय,
आमच्या इमारतीवरील पाइप ठरावानुसार कापण्यात आला असून आता दोन फूट शिल्लक आहे. त्यावर अँटेना बांधली आहे, परंतु ती आमच्या बाजूने फिरत नाही. तरी आपण आपल्या बाजूने मनोरा हुडकेश्वरकडे थोडा फिरवून द्यावा, ही नम्र विनंती. एकदम फिरवू नये. केसभर फिरवून पाच सेकंद थांबावे, आणि चित्र आल्यावर पुन्हा हात लावू नये. चित्र आल्याचे माझी पत्नी खिडकीतून कळवेल.