नवसीनं सारवलेला खड्डा

सरकारला एखाद्या जमिनीबद्दल काही जाणून घ्यायचं असलं, की ते जमिनीच्या मालकाला कधी विचारत नाही. खड्डा खणतं. सदुसष्ट सालच्या वैशाखात असाच एक खड्डा सरावलीला चिंधूच्या शेताच्या बांधाला लागून खणला गेला. वरच्या माळावर कामगारांची वसाहत उठायची होती, आणि पावसाचं पाणी तिथं किती मुरेल नि किती वाहून येईल, हे ओव्हरसियर कृष्णकांत साहेबांना माळ न चढता ठरवायचं होतं. खणायला चिंधू, पाणी आणायला त्याची बायको नवसी. खड्डा कशाला, हे त्या दोघांना सांगावं असं मात्र साहेबांच्या मनातही आलं नाही.

नवसीनं लांबच्या विहिरीवरून हंड्यामागून हंडे आणले आणि खड्डा भरला. साहेबांनी त्यात आकडे लिहिलेली पट्टी उभी केली नि छत्रीखाली बसले. पाणी भराभर खाली जायचं. साहेबांचा डोळा लागायचा, दचकून जाग यायची, मग पट्टी बघायची, वहीत लिहायचं आणि "च्च" करायचं. ते "च्च" होतं झोपमोडीचं. नवसीला वाटलं, पाणी गळतंय म्हणून बिचाऱ्याचा जीव तुटतोय.

"आजचं नुसतं भिजवणं," संध्याकाळी उठताना साहेब म्हणाले. "खरं मोजमाप उद्या." आणि बोईसर स्टेशनाकडे चालू लागले.

नवसीला चैन पडेना. आपल्या बांधावर आलेल्या माणसाचं पाणी असं डोळ्यांदेखत जातं म्हणजे काय? कणगी असो की खळं असो, तिच्या हातच्या सारवणातून दाणा निसटायचा नाही. उमरोळीपर्यंतच्या बायका नाव काढायच्या. तिनं वारुळाची चिकण माती आणली, शेण नि तूस घालून मळली, आणि दिवस मावळायच्या आत खड्डा तळापासून काठापर्यंत दोनदा सारवून काढला.

"सायबाला बरं वाटंल," ती चिंधूला म्हणाली. चिंधूनं मान डोलावली. बायकोच्या सारवणाला नाव ठेवायची त्याची टाप नव्हती.

सकाळी साहेब आले. डोळे असलेल्या माणसाला खड्डा एकदम गुळगुळीत कसा झाला, हे दिसलं असतं. पण साहेबांचे डोळे पट्टीवर. पाणी भरलं, आणि ते हलेना. दुपारी एक कावळा पिऊन गेला, तेवढंच काय ते कमी झालं. साहेबांना सलग झोप मिळाली आणि वहीत एकच ओळ पडली: जमीन पाणी शोषत नाही. जाताना ते नवसीकडे बघून हसले. ती दिवसभर त्या हसण्यावर खूश होती.

ज्येष्ठात चुन्याच्या दोन रेघा आल्या. माळावरून उतरल्या आणि नवसीच्या शेताच्या मधोमध घुसल्या. चिंधू दोन रेघांच्या मधे जाऊन उभा राहिला. रेघांमागून साहेब आले, तशी नवसीनं विचारलं, "ह्ये काय, सायेब?"

"नाला. तुमची जमीन पाणी पीतच नाही, बाई. वसाहतीचं सगळं पाणी वाहणार. ते न्यायला नको?"

तेव्हा कुठे तिला तो खड्डा कळला. "सायेब, जमीन पिते. मीच खड्डा सारवलेला. तुमचं पाणी गळत व्हतं म्हणून." आणि हातच्या कांकणाला आरसा कशाला, म्हणून डोक्यावरचा हंडा तिनं तिथंच ओतला. माती घटाघटा प्याली. नुसता ओला डाग राहिला.

साहेब चांगलेच गोरेमोरे झाले. पण त्यांनी चष्मा काढला आणि डाग वाळेपर्यंत तो पुसत राहिले. अहवाल ठाण्याला पोचला होता. आता तो बदलायचा, तर शेणानं सारवलेला खड्डा आपण दिवसभर मोजत बसलो होतो, हे लिहून द्यावं लागलं असतं.

"बाई," ते म्हणाले, "कागदावर तुझी जमीन पाणी पीत नाही. आता ती प्यायला लागली, तर त्याला सरकार काय करणार?"

होम करायला जावं नि हात भाजावेत, ते हे असं. नाला झाला. मधून नाला, कडेला त्याच्या मातीचे ढीग, आणि उरलं अर्धं शेत. नवसी त्या ढिगावर बसून पोटभर रडली, आणि रडून झाल्यावर उरलेल्या अर्ध्यात तिनं भात लावलं.

पाऊस आला. माळानं आपलं पाणी आपणच पिऊन टाकलं. नाल्यात कधी चार बोटं पाणी उतरलंच, तर तळ ते अर्ध्या वाटेत गिळायचा. बेडूकसुद्धा तिथूनच माघारी फिरायचे.

दसऱ्यानंतर कृष्णकांत साहेब लगबगीनं आले. ठाण्याचे मोठे साहेब नाला बघायला यायचे होते, आणि त्यांना वाहतं पाणी दाखवायचं होतं. टँकर ठरला होता. पण सोडलेलं पाणी टोकापर्यंत टिकायचं कसं?

"नवसीबाई," साहेब भलतेच गोड बोलले, "तुझं ते सारवण नाल्याच्या तळाला करून देशील? मजुरी देऊ."

नवसी तेव्हा झोडणीसाठी खळं सारवत होती. तिनं हात थांबवला नाही. "मागं फुकट सारवलं, तर माझं अर्धं शेत गेलं. आता मजुरी घेऊन सारवलं, तर कुनाचं जाईल, सायेब?"

साहेबांनी शेणाच्या पाटीकडे बोट दाखवलं. "शेण तर आहे की तुझ्याकडे."

"हाय," नवसी म्हणाली. "खळ्यापुरतं. खळंबी यंदा अर्धंच हाय."