वॅगापर्यंत आडवी

हवाई दलात वैमानिक व्हायला एकशे त्रेसष्ट सेंटिमीटर उंची लागत होती. सकाळी उठल्याउठल्या मी तेवढी भरायचे, संध्याकाळपर्यंत अर्धा सेंटिमीटर कमी. मोजणी वॅगा शहरात, घरापासून शंभर किलोमीटरवर, दुपारी दोनला. म्हणून आईनं ठरवलं, पोरीनं तोवर उठायचंच नाही.

आमचा धंदा अंत्यविधीचा. आई आणि मावशीनं मला उशीसकट उचलून बाबांच्या काचेच्या शववाहिकेत आडवं केलं. आठ महिन्यांपूर्वी बाबाही हिच्यातूनच गेले होते.

वाटेत एका शेतकऱ्यानं ट्रॅक्टर थांबवून हॅट काढली. मी त्याला हात केला. तो मटकन खाली बसला.

"टॅम्सिन, हसू नकोस, आखडशील!" मावशी ओरडली आणि स्वतःच खिदळत सुटली.

"तुझा बाप नुसत्या नजरेनं माणसाचं माप सांगायचा," गाडी चालवत आई म्हणाली. "कधी चुकला नाही. तुझंही सांगून गेलाय."

"किती?"

"आधी नर्सला मोजू दे."

दवाखान्यात दोघींनी मला पट्टीखाली अलगद उभं केलं. नर्सनं दोनदा पाहिलं.

"एकशे त्रेसष्ट. बरोबर."

मावशीनं शिट्टी मारली. आई हसता हसता डोळे पुसू लागली.

"एकशे सत्तर म्हणाला होता गं!"