टायरचा राब

राब पेटला तेव्हाच वास आला. पंचरवाल्याच्या दुकानात येतो तसला.

"आये, ह्यात काय टाकलंस?"

"काय टाकणार? शेण, कवळाच्या डहाळ्या, पातेरा, वर माती. दरसालचंच."

दरसालचा धूर पांढरा असतो. हा काळा व्हता, नि आमच्याच अंगावर येत व्हता. राब कसा, हळूहळू धुमसला पायजे. तण मरतं, जमीन भाजते, मग त्याच राखेत भाताचं बी पेरायचं. आमच्या सगळ्या शेताचं रोप त्या एवढ्याशा तुकड्यातनं निघतं. आणि तो तुकडा मोर्चावाल्यांनी रस्त्यात टायर पेटवल्यासारखा भडकलेला. आईनं हिरव्या फांदीनं झोडपला. फांदीला काळं चिकटलं, तेपण पेटलं.

थंड झाल्यावर बघते तर वर डांबरासारखा थर. काठीनं उचकटला, तर खालनं बारीक तारा निघाल्या. तिथं मला कळलं, हा टायर.

आमचा पातेरा, म्हंजे गळलेला सुका पाला, सापगावच्या रस्त्याकडच्या ऐनाच्या झाडांखालचा. ती जागा आता मुंबईच्या शेठची. त्यानं कुंपण घातलं, फार्महाउस बांधलं, पण झाडांखालचा पातेरा बायकांनी झाडून न्यायचा, एवढं ठेवलं. ठेवलं म्हणजे काय, त्याची झाडलोट फुकटात. यंदा मुरबाडकडनं टेंपोभर गोण्या आल्या नि त्यानं बुंध्यांभोवती तपकिरी तुकडे पसरले. गेटातनं मी बघितलेले. मलापण झाडाची सालच वाटलेली. आईला तर बरंच वाटलं असेल, साल चांगली जळते. पाट्या भरभरून आणली तिनं.

मी तो जळका थर पाटीत भरला नि निघाली.

"निशी, भांडू नको गो. उद्या गेट बंद करतील."

"करू दे."

गेटावर कमळाकरकाका. आमच्याच गावचा, शेठचा मॅनेजर, खिशाला दोन पेनं. मी नववीत शाळा सोडली तेव्हा घरी येऊन आईला बोलून गेलेला, पोरगी वाया गेली. मी पाटी त्याच्या पायापुढं उलटी केली. तिथली पायवाटपण रबराच्या लाद्यांची, चालताना पाय आत दबतो. शेठच्या पाहुण्यांचे गुडघे दुखू नयेत म्हणून.

"काय हे?"

"तुमचा टायर. आमच्या राबात निघाला."

"अगो, ते मल्च हाय, झाडाबुडी पसरायचं. पर्यावरणाला चांगलं असतं. जुन्या टायरांचा कचरा कमी होतो."

"कमी कुठं झाला? आमच्या शेतात आला."

"पातेरा न्या बोललेलो, माल न्या नाय बोललेलो. ही चोरी झाली. शेठला सांगितलं ना..."

"सांगा. आत्ता लावा फोन. स्पीकरवर ठेवा."

फोन खिशातच राहिला.

"तपकिरी रंग कशाला दिला त्याला? काळं ठेवलं असतं तर आईनं हात लावला नसता."

"दिसायला बरं दिसतं."

"मग खा."

"तोंड सांभाळ. दुसऱ्या जागी भाज ना राब."

"कशानं भाजू? तुमचे केस जाळून? पातेरा उरलाय तो सगळा ह्या तुकड्यांत मिसळलाय."

त्यानं घड्याळ बघितलं. "जा आता. मलापण घरी जायचंय. आई राब पेटवायला थांबलीय."

त्याची आई म्हंजे हिराआजी. तीपण त्याच ऐनांखाली झाडायला व्हती, आमच्याहून मोठी पाटी घेऊन.

जळू दे, वाटलं. त्या दोन पेनांवर काजळी बसू दे. तेवढा राग व्हता मला. पण आजीच्या शेतात तार पेरायला जीव होईना. आणि तो राब अजून पेटला नव्हता, हेपण डोक्यात आलं.

"काका, तुमच्या राबात पातेरा कुठचा?"

त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यानं बाईकला किक मारली. मी न विचारता मागं बसली.

आजी पेटती गवताची पेंडी घेऊन वाकलेली.

"आये, थांब," काका बाईकवरनंच ओरडला.

"का रे? शेठला विचारायला लागतं काय?"

त्यानं वरची माती बाजूला केली. पातेऱ्यात जिथं हात घालावा तिथं तपकिरी तुकडे. तो गुडघ्यावर बसून वेचायला लागला. "बघत काय बसलीस? ये की."

मी बांधावर बसली. "अर्धा राब आमचा. बी आमी इथं पेरणार, रोप आमी उचलणार. हो बोला, मग हात लावते."

"ही काय दादागिरी?"

आजीनं एक तुकडा दातानं चावून बघितला नि थुंकली. "दिला गो. बस, वेच. आणि तू रे, खिशातली पेनं काढून ठेव, मातीत पडली तर तीपण उगवतील."

वेचता वेचता ऊन माहुलीच्या डोंगरामागं गेलं. आईपण आली, कुणाशी न बोलता बसली, तिची बोटं माझ्याहून भराभर चालली. पाटी शिगोशीग भरली.

"हे कुठं टाकू?" मी बोलली.

"टाक कुठंतरी."

"कुठंतरी नाय. शेठच्या लादीवर, मघाच्या ढिगावर. आणि तुमी नेणार."

काकानं आजीकडं बघितलं. आजी गवताची नवी पेंडी वळत व्हती, तिनं मान वर केली नाय. तो उठला, पाटी उचलली नि बाईकच्या मागं दोरीनं बांधायला लागला.